पडायला जागा आहे का?

वरणभात खाताना माझी दाढ तुटली. चिक्की नव्हे, ऊस नव्हे, दिवाळीतला एखादा दगडासारखा झालेला लाडूही नव्हे. मऊ, तूप घातलेला वरणभात. नवरा म्हणाला, "खडा आला असेल." तांदूळ मीच निवडले होते, त्यामुळे आधी खड्यावरून थोडं भांडण झालं आणि दुसऱ्या दिवशी मी दातांच्या दवाखान्यात जाऊन बसले.

डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. छोटा आरसा तोंडात फिरवत त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, मग कानाच्या खाली, जबड्याच्या कोपऱ्यावर बोट दाबलं. मी "आई गं" म्हणाले.

"काकू, रात्री दात खाता का?"

"कुणावर?" मी विचारलं.

त्या हसल्या नाहीत. मराठीत दात खायचे ते कुणावर तरी खायचे असतात आणि दात ठेवायचा तोही कुणावर तरीच, हे त्यांच्या अभ्यासक्रमात नसावं. त्यांनी मला आरशात दाखवलं. सुळ्यांची टोकं घासून सपाट झालेली. जबड्याचा स्नायू गालात सुपारी धरल्यासारखा फुगलेला. झोपेत मी बहुधा कित्येक वर्षं दात दळत होते आणि दिवसाही ते आवळून धरत होते. दाढ कधीचीच चिरली होती, आळ मात्र वरणभातावर आला.

"काही ताण वगैरे आहे का?"

मुंबईत नोकरी करणाऱ्या बाईला हे विचारणं म्हणजे ऐन जुलैत "बाहेर ओलं आहे का?" विचारण्यासारखं. मी म्हणाले, "नेहमीचाच."

त्यांनी रात्री दातांवर चढवायचं एक पारदर्शक कवच बनवून दिलं, त्याला नाइट गार्ड म्हणतात. दिवसासाठी एक सूत्र दिलं: ओठ मिटलेले, दात सुटे. चावताना आणि गिळताना सोडले तर वरच्या-खालच्या दातांनी एकमेकांना शिवायचं कारणच नसतं म्हणे. हे वाचताना तुमचे दात कुठे आहेत बघा. मी बावन्न वर्षांची होईपर्यंत कधी बघितलं नव्हतं.

'नेहमीचाच' म्हणजे काय, तेही सांगते. आमचं घर मुलुंडला होतं. होतं म्हणजे, कागदावर अजून आहे. चार मजली जुनी इमारत, पुनर्विकासाला दिली. बिल्डरनं तीन वर्षांत नवी इमारत उभी करून देतो म्हणून सांगितलं आणि आम्ही 'तात्पुरते' डोंबिवलीला भाड्यानं राहायला आलो. त्याला आता सहावं वर्ष. खड्डा खणला, हिरवी जाळी लागली, काम थांबलं. बिल्डरकडून येणारं दर महिन्याचं भाडं आधी उशिरा येऊ लागलं, मग अर्धं येऊ लागलं, मग फोन केल्यावर येऊ लागलं. सासूबाई ऐंशीच्या पुढे. दिवसातून एकदा तरी त्यांचा प्रश्न ठरलेला, "आपल्या घराचं काय झालं गं?" बाकी फोर्टमधल्या ऑफिसात हिशेबाचं काम, मार्चअखेरची धावपळ, नवऱ्याची शुगर, पुण्याला राहणाऱ्या मुलीनं फोन उचलला नाही तर होणारी धडधड, हे सगळं चारचौघींसारखंच.

दाढेच्या त्याच आठवड्यातली गोष्ट. डोंबिवलीहून आठ-बाराची फास्ट. ठाण्यानंतर लेडीज डबा असा भरतो की रेल्वेनं त्या गर्दीला वेगळं नाव दिलंय: सुपर डेन्स क्रश लोड. एका चौरस मीटरमध्ये उभी असलेली चौदा ते सोळा माणसं. एका हातानं मी वरची कडी धरलेली, दुसऱ्यानं पर्स छातीशी. शेजारच्या बाकावर चौथ्या सीटवर, म्हणजे अर्ध्या अधांतरी, एक साठीच्या मावशी मांडीवर पिशवी घेऊन मेथी निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं. माझ्याकडे नाही, माझ्या हाताकडे.

"अगं, सोड की ती कडी. बोटं पांढरी पडलीत. इथं पडायला जागा आहे का?"

आजूबाजूच्या दोघीतिघी हसल्या. मी खाली पाहिलं. खरंच, पडायचं म्हटलं असतं तरी जागा नव्हती. समोरून एक पाठ, मागून एक बॅग, डाव्या खांद्याला कुणाचा तरी डबा. मी कडी सोडली. काहीही झालं नाही. मी होते तशीच, होते तिथेच उभी राहिले. हाताला आधी कळ लागली, मग मुंग्या आल्या, मग ऊब. आणि त्याच क्षणी लक्षात आलं की दातही सुटलेत. म्हणजे इतका वेळ आवळलेले होते. खिडकीतून पाहिलं तर मुलुंड चाललं होतं. आमच्या खड्ड्याची हिरवी जाळी रुळांवरून दिसते.

मावशी कुर्ल्याला उतरल्या. मेथी निवडून झाली होती.

पण एक गोष्ट राहून जाता कामा नये. मावशींचं म्हणणं डब्याच्या मधे उभं राहणाऱ्यांपुरतं आहे. दारातल्या माणसानं दांडा सोडायचा नसतो. ९ जून २०२५ ला सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन भरलेल्या लोकल एकमेकींशेजारून गेल्या आणि दारात लटकलेली माणसं खाली पडली. काहींचा जीव गेला. आमच्याच मार्गावर, आमच्याच वेळेच्या आसपास. त्या दिवशी ऑफिसात कुणी कामाला हात लावला नव्हता. तेव्हा 'सोडून द्या हो, कशाला टेन्शन घेता' असं सरसकट सांगणाऱ्या लोकांचा मला राग येतो. काही लोक खरोखरच दारात असतात. त्यांनी काय सोडायचं?

आपण दारात आहोत की मधे, हे शरीराला मात्र कळत नाही. हान्स सेल्ये नावाचे शास्त्रज्ञ होते, जन्म व्हिएन्नाचा, काम माँट्रियलला. १९३६ साली 'नेचर' या नियतकालिकात त्यांचं एक छोटं टिपण छापून आलं. त्यांनी उंदरांना वेगवेगळ्या प्रकारे छळलं होतं: कुणाला थंडीत ठेवलं, कुणाला दमेपर्यंत पळवलं, कुणाला इजा केली, कुणाला औषधं टोचली. छळ वेगवेगळा, पण उंदरांच्या शरीरात दिसलं तेच: मूत्रपिंडावरच्या ग्रंथी वाढलेल्या, छातीतली थायमस ग्रंथी आकसलेली, जठरात व्रण. या सगळ्याला पुढे त्यांनी 'स्ट्रेस' म्हटलं. शब्द घेतला तो इंजिनिअरांचा. आपला 'ताण' मला त्याहून बरा वाटतो. तो दोरीचा आहे, मागाचा आहे, आणि गंमत म्हणजे त्यातच झोपही आहे. 'दुपारी मस्त ताणून दिली' असं आपणच म्हणतो ना?

तर शरीराकडे उत्तर एकच. थंडी असो, धावपळ असो, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सेक्रेटरीनं टाकलेला तिरकस मेसेज असो. मुठी आवळा, दात आवळा, श्वास वर ओढा. वाघ समोर असता तर ठीक होतं. मेसेजला वाघासारखं सामोरं गेलं की दाढ तुटते.

तेव्हापासून मी स्वतःला मधूनमधून एवढंच विचारायला लागले: बाई, तू दारात आहेस की मधे? उत्तर बहुतेक वेळा 'मधे' असंच येतं. पण नुसतं कळून दात सुटत नाहीत, हेही लवकरच समजलं. हाताला, जबड्याला वेगळं शिकवावं लागतं, आणि शिकवायला वेळ कुठून आणायचा? माझ्याकडे रोजचा एक तास दहा मिनिटं आहे. डोंबिवली ते सीएसएमटी.

स्टेशनं वाटून घेतली. ठाणे आलं की जबडा. घाटकोपरला खांदे, कुर्ल्याला मुठी, दादरला कपाळ. ज्याची पाळी असेल तो स्नायू पाच मोजेपर्यंत मुद्दाम घट्ट आवळायचा आणि एकदम सोडायचा. जबडा मात्र आवळायचा नाही, नुसता सोडायचा. डॉक्टरांनी तसं बजावलंय. ही युक्ती माझी नाही. शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन गेल्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांच्या रुग्णांना हेच शिकवायचे. मुद्दा साधा आहे. आपण आवळलंय हे आपल्याला कळतच नाही, म्हणून आधी आणखी आवळून दाखवायचं, मग सुटणं म्हणजे काय ते स्नायूला समजतं. समोर बसलेल्या बाईला वाटतं आपण कपाळ आक्रसून तिच्याकडे बघतोय. तेवढी जोखीम आहे.

कळव्याच्या पुढे खाडीवरचा पूल लागतो, तो श्वासाचा. पूर्वी फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. १९१६ साली उघडलेला तो बोगदा सव्वा किलोमीटरहून लांब आहे. गाडी आत शिरली की पुरुषांच्या डब्यातून हमखास आरोळ्या यायच्या. आम्ही नाकं मुरडायचो. २०२२ मध्ये नव्या मार्गिका झाल्या, बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला आणि आरोळ्या बंद झाल्या. आता वाटतं, ते लोक आपापल्या परीनं उपचारच करून घेत होते. आरोळी म्हणजे शेवटी लांबलचक उच्छ्वासच. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात; व्हेगस नावाचा मज्जातंतू ते काम करतो. म्हणून सोडण्याला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्यायचा. पुलावर मी चार मोजत आत घेते, सहा मोजत सोडते. असे मिनिटाला सहा श्वास होतात. खाडी संपेपर्यंत तीनचार. तेवढे पुरतात.

या सहाच्या आकड्याची एक गोष्ट मला फार आवडते. २००१ साली इटलीतल्या संशोधकांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक अभ्यास छापला. तेवीस निरोगी माणसांना त्यांनी एकदा ख्रिस्ती जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना म्हणायला लावली आणि एकदा 'ॐ मणि पद्मे' हा मंत्र. दोन्ही वेळा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ आला, कुणी मोजायला सांगितलेलं नसताना. वाचल्यावर मला गिरगावातली आमची आजी आठवली. दहा बाय बाराची खोली, त्यात आठ माणसं, आणि ती भिंतीला टेकून 'श्रीराम जय राम जय जय राम' करत बसलेली. आम्हाला वाटायचं ती देवाचं काहीतरी करतेय. करतही असेल. पण त्या खोलीत दिवसभरात तिला तेवढीच वीस मिनिटं कुणी काही मागत नसे, हेही तितकंच खरं. माळ हातात असलेल्या बाईला चहा टाक म्हणायची कुणाची टाप नव्हती.

आमच्या पुढच्या डब्यात भजनी मंडळ असतं. टाळ, छोटी ढोलकी, एकजण ओळ सोडतो आणि पन्नासजण ती उचलतात. पूर्वी मला त्याचा त्रास व्हायचा. आता मी श्वास मोजते आणि अभंगाच्या ओळीचा शेवट कुठे होतो ते ऐकते. सगळे एकदम सोडतात.

आता मुलुंड. मुलुंडवर नुसता श्वास चालेना.

लंडनमध्ये झालेला एक प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. पंचेचाळीस लोकांना संगणकावर दगड उचलायचा खेळ दिला. दगडाखाली साप निघाला तर हाताला विजेचा छोटा पण दुखणारा झटका. साप निघण्याची शक्यता दर वेळी बदलत होती. लोकांना किती घाम येतो, डोळ्यांच्या बाहुल्या किती मोठ्या होतात, ते मोजलं. सर्वांत जास्त ताण कधी दिसला? झटका नक्की बसणार होता तेव्हा नाही. शक्यता पन्नास टक्के होती तेव्हा. बसणारच म्हटल्यावर लोक त्या मानानं शांत होते.

हे वाचून मी नवऱ्याला म्हटलं, "बघ, आपण सहा वर्षं दगड उचलतोय." घर मिळणार नाही असं कुणी स्टँपपेपरवर लिहून दिलं असतं तर एकदा रडून, दागिने मोजून, डोंबिवलीतच कुठे एखादा वन बीएचके बघितला असता. मिळेल की नाही, दिवाळीपर्यंत की पुढच्या, भाडं पाचला की पंधराला, यानं माणूस झिजतो. रेल्वेलाही हे कळलंय असं मला वाटतं. फलाटावर 'गाडी चार मिनिटांत' असं दिसलं की तीच गर्दी शांतपणे उभी राहते. इंडिकेटर बंद पडू द्या, मग बघा.

बिल्डरचा इंडिकेटर काही आपल्या हातात नाही. पण काळजीचं वेळापत्रक आहे. अमेरिकेतल्या टॉमस बोर्कोव्हेक या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये हा प्रकार तपासला होता: रोज ठरावीक वेळी, ठरावीक जागी अर्धा तास फक्त काळजी करायची, बाकी वेळी काळजी आली तर तिला त्या वेळेची तारीख द्यायची. रोज अर्धा तास मला झेपणारा नव्हता. मी शनिवार सकाळचे दहा ठरवले. जेवणाचं टेबल, करारनाम्याची फाइल, बँकेचं पासबुक, चष्मा. साडेदहाला फाइल बंद.

पहिले दोन महिने मला स्वतःचंच हसू यायचं. मंगळवारी रात्री दोन वाजता जाग आली आणि घर आठवलं की मनात म्हणायचं, शनिवारी. काळजीला हे मुळीच मान्य नसायचं. पण हळूहळू ऐकायला लागली, निदान निम्म्या वेळा. खरी पंचाईत सासूबाईंची झाली. "घराचं काय झालं?" याला मी "शनिवारी सांगते" म्हणायला लागले. आता त्या शनिवारी पावणेदहालाच वेणीफणी करून टेबलाशी येऊन बसतात, सुनावणीला आल्यासारख्या. बाकीचे सहा दिवस विचारत नाहीत. मध्यंतरी एका शनिवारी साडेदहाला मी फाइल मिटली तर म्हणाल्या, "एवढंच?" मी म्हटलं, "हो, एवढंच." तर म्हणाल्या, "मग पोहे कर."

याच टेबलावर एकदा सरळ दिसलं की या बाबतीत आपण खरंच दारात आहोत. इथे सोडून चालणार नाही. श्वास सोडून भाडं येत नाही. मग मी इमारतीतल्या बाकीच्यांना फोन केले. छत्तीस कुटुंबं, बदलापूरपासून भाईंदरपर्यंत पांगलेली. प्रत्येकाला वाटत होतं आपलंच भाडं अडलंय, म्हणून प्रत्येकजण गुपचूप, गोड बोलून बिल्डरकडून वसूल करत होता. एकत्र आलो, वर्गणी काढून वकील केला. घर अजून उभं राहिलेलं नाही. पण त्या पहिल्या बैठकीच्या रात्री मला जशी झोप लागली तशी कुठल्याही प्राणायामानं लागली नव्हती. ताण कमी करण्याचे उपाय सांगणाऱ्या याद्यांमध्ये 'वकील करा' हे कधीच का नसतं, कोण जाणे.

झोपेवरून कॅलेंडर आठवलं. आई कालनिर्णयच्या चौकोनात सगळं लिहायची. कालनिर्णय १९७३ मध्ये सुरू झालं आणि तेव्हापासूनचं आमचं घर त्या चौकोनांमध्ये सापडेल: दूध दोन लिटर, गॅस लावला, शेजारणीला वाटीभर साखर, मास्तरांची फी. कॅलेंडरला दोऱ्यानं पेन बांधलेलं. झोपण्याआधी ती उद्याच्या चौकोनात काहीबाही लिहायची आणि पाठ टेकताच घोरायला लागायची. टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठात सत्तावन्न तरुणांवर हेच करून पाहिलं गेलं, २०१८ साली निष्कर्ष छापले. झोपण्याआधी पाच मिनिटं अर्ध्यांनी उद्याची कामं लिहिली, अर्ध्यांनी झालेली. उद्याची लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि जितकं बारीकसारीक लिहिलं तितकी लवकर. मी फोनवर याद्या करून पाहिल्या. पण फोन उघडला की यादीआधी दहा गोष्टी दिसतात. परत कॅलेंडर टांगलं, पेनाला दोरा बांधला. 'जीएसटीचं काम' असं लिहून उपयोग नाही. 'अकरा वाजता जीएसटीची फाइल उघडणे, फक्त उघडणे' असं लिहिलं की डोकं ते सोडून देतं.

चहाबद्दल फार लिहीत नाही, कारण अजून जमलेलं नाही. कॅफीनचा अर्धा भाग शरीरातून जायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाची कटिंग रात्री अकराला अर्धी शिल्लक. मी चारनंतर बंद केला. म्हणजे साडेचारनंतर. ऑफिसखालचा टपरीवाला ओळखीचा आहे, काय करणार.

संध्याकाळची एक गाडी मात्र मी सोडते, याचा मला अभिमान आहे. मुंबईत गाडी सोडणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. मागची चार मिनिटांत येणार असते तरी आपण जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरतो, अर्धवट चप्पल पायात, आणि डब्यात शिरल्यावर विजयी मुद्रेनं घाम पुसतो. चार मिनिटांसाठी! मी आता सव्वासहाची सोडून पावणेसातची पकडते. मधला वेळ हॉर्निमन सर्कलच्या बागेत. गोल बाग, जुनी झाडं, बाकावर पेंगणारे कुरिअरवाले. मिशिगनमध्ये काही शहरी लोकांना हे करायला सांगून त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं होतं; निष्कर्ष २०१९ साली छापले. झाडांमध्ये वीस ते तीस मिनिटं बसणं किंवा रमतगमत चालणं, त्यात वेळेच्या मानानं सर्वांत जास्त उतार मिळाला. अट अशी की फोन नाही, गप्पा नाहीत, वाचन नाही. फोन पर्सच्या तळाशी टाकून मी वीस मिनिटं बसते. पहिली दहा मिनिटं, खरं सांगायचं तर, फार कंटाळा येतो. कावळे मोजते.

रविवारी आमच्याकडे मेगाब्लॉक असतो. कल्पना नवऱ्याची. रेल्वे दुरुस्तीसाठी रविवारी गाड्या थांबवते आणि गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करते; तसे आम्ही दुपारी एक ते चार दोघांचेही फोन कपाटात ठेवतो. मुलीला लँडलाइनचा नंबर दिलाय. बाकीच्यांची गैरसोय झाली तर झाली. पहिल्या रविवारी माझ्या भावानं सात मिस्ड कॉल दिले होते. काम काय, तर आंब्याची पेटी कितीला पडली ते सांगायचं होतं.

रस्त्यावरच्या आवळलेल्या मुठीला आवाज असतो, तो म्हणजे हॉर्न. २०२० च्या सुरुवातीला मुंबईच्या पोलिसांचा एक व्हिडिओ आला होता: वाहतूक पोलिसांनी काही सिग्नलांवर आवाज मोजणारी यंत्रं लावलेली. हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. वाजवा, आणखी थांबा. मला त्या वेळी इतका आनंद झाला होता की मी तो व्हिडिओ सगळ्या ग्रुपांवर पाठवला, ज्या ग्रुपांचे मेसेज मी आता बंद करून ठेवलेत.

आमच्या डब्यातल्या ग्रुपमध्ये एकजण आहे, नाव सांगत नाही. दसऱ्याला डबा सजवायला, कुणाच्या डोहाळजेवणाला ओटी भरायला सर्वांत पुढे. नवऱ्याची नोकरी गेल्यावर ती गप्प झाली. आम्ही आपले तिला श्वास शिकवतोय, गवती चहा सांगतोय. एक दिवस ती म्हणाली, "तीन आठवडे मी दोन तासांच्या वर झोपले नाहीये आणि मला गाडी आली की वेगळंच काहीतरी वाटतं." डबा एकदम शांत झाला. मग आमच्यातल्या एका नर्सनं तिथेच तिच्या फोनवरून १४४१६ लावला. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी टेलिमानस सेवेचा नंबर आहे, चोवीस तास, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. घाटकोपर ते भायखळा ती बोलत होती आणि आम्ही चौघीजणी तिच्याभोवती पाठ करून उभ्या होतो, तिला थोडा आडोसा मिळावा म्हणून. पुढे डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. यंदा दसऱ्याला झेंडूची तोरणं पुन्हा तिनंच आणली. कुणाला दारात उभं असलेलं बघितलं की तिला कडी सोडायला सांगायचं नसतं, आत ओढायचं असतं, एवढं त्या दिवशी कळलं.

मावशी पुन्हा भेटल्या नाहीत. मेथीची जुडी घेऊन बसलेल्या प्रत्येक बाईकडे मी अजून निरखून बघते.

परवा दातांच्या दवाखान्यात गेले होते, दीड वर्षानं. डॉक्टरांनी नाइट गार्ड दिव्याखाली धरून फिरवून फिरवून पाहिलं. उजवीकडे जवळजवळ गुळगुळीत, म्हणाल्या, छान. मग दुसरी बाजू वर केली.

"डावीकडे अजून खाताय, काकू."

कुणावर ते मला माहीत होतं. पण तोंडात कापूस होता.